घरगुती मेणबत्त्या व साबण : एका लहान धंद्याचा हिशेब

घरबसल्या चार पैसे मिळवावेत आणि ते आपल्या हातच्या कसबाने मिळवावेत, ही इच्छा आजच्या गृहिणीची आहे तशीच तिच्या आजीचीही होती. पापड, लोणची, मसाले यांच्या जोडीला आता मेणबत्त्या व साबण हेही घरगुती उद्योग म्हणून पुढे आले आहेत. भांडवल थोडे लागते, यंत्र लागत नाही, कृती चार दिवसांत येते; म्हणून बचत गटांच्या प्रशिक्षणवर्गांत या दोन जिनसांचा समावेश हटकून होतो. परंतु कृती येणे ही एक गोष्ट आणि धंदा चालणे ही दुसरी. या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते न ओळखल्यामुळे अनेक घरांतील उत्साह पहिल्या दिवाळीनंतरच विझतो.

हे अंतर समजण्यास पुणे जिल्ह्यातील कोरेगाव भीमा हे गाव चांगले उदाहरण आहे. शिरूर तालुक्यातील हे गाव पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, भीमेच्या काठी वसलेले आहे. पुढे सणसवाडी, शिक्रापूर व रांजणगाव येथे कारखान्यांची रांगच लागली असून परगावाहून आलेली कामगार कुटुंबे आसपास भाड्याच्या खोल्यांतून राहतात. नदीपलीकडे पेरणे येथे जयस्तंभ आहे. 1 जानेवारी 1818 च्या लढाईचे ते स्मारक. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले होते. आजही त्या दिवशी लाखो अनुयायी अभिवादनासाठी तेथे जमतात. म्हणजे या गावापाशी दोन प्रकारचे गिऱ्हाईक आहे : वर्षातून एकदा लोटणारे आणि रोज सकाळी आंघोळ करून पाळीवर जाणारे. मेणबत्ती पहिल्याचा माल होय, साबण दुसऱ्याचा.

वास्तविक मेणबत्ती व साबण ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1811 पासून साबणाचे पृथक्करण करण्यास आरंभ केला आणि चरबी व तेले ही मेदाम्ले व ग्लिसरीन यांच्या संयोगाने बनलेली असतात, हे सिद्ध केले. या मेदाम्लांचा दाहक सोड्याशी संयोग झाला की साबण होतो. त्यांतील स्टिअरिक आम्ल वेगळे काढले की ते पांढरे, कठीण व बिनवासाचे मिळते. त्याच्या मेणबत्त्या करण्याचा हक्क शेव्ह्रल व गे-ल्युसॅक यांनी 1825 मध्ये नोंदविला. पुढे खनिज तेलापासून पॅराफिन मेण मिळू लागले व मेणबत्ती स्वस्त झाली. आजही घरगुती मेणबत्तीत पॅराफिनबरोबर थोडे स्टिअरिक आम्ल घालतात. त्यामुळे मेणबत्ती उन्हाळ्यात वाकत नाही आणि साच्यातून सहज सुटते.

मेणबत्तीची कृती सोपी आहे. मेणाचे भांडे थेट विस्तवावर न ठेवता उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवावे, वात साच्यात ताणून बसवावी, मेण ओतावे, आणि निवताना मध्यभागी जो खळगा पडतो तो पुन्हा मेण ओतून भरावा. खरी मेख वातीत आहे. वात जाडीला कमी पडली तर ज्योत वितळलेल्या मेणात बुडून विझते. जास्त झाली तर काजळी धरते. म्हणून प्रत्येक घाण्यातील एक मेणबत्ती घड्याळ लावून शेवटपर्यंत जाळून पाहावी. ही एक मेणबत्ती वाया गेली असे वाटते. पण तिच्यामुळे बाकीच्यांची पत टिकते. मेणाने पेट घेतला तर त्यावर पाणी कदापि टाकू नये. जळते मेण चहूकडे उडते. आच बंद करून भांड्यावर झाकण दाबावे, म्हणजे आग गुदमरते.

परंतु आज मेणबत्ती घेतो कोण? एके काळी विजेच्या भारनियमनामुळे ती घरोघरी लागे. आता भारित होणारे दिवे घरात आहेत. उजेडासाठी मेणबत्ती घेण्याचे दिवस सरले. ती आता श्रद्धेची व शोभेची वस्तू झाली आहे. बौद्ध घरांत भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमांपुढे ती लावतात. ख्रिस्ती घरांत नाताळाला लागते. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरातील जत्रेत तर हात, पाय, घर अशा आकारांचे मेणाचे नवस विकले जातात. ज्याचे जे दुखणे वा जी इच्छा, तसा आकार तो देवीमातेपुढे वाहतो. दिवाळीत रंगीत व सुवासिक मेणबत्त्यांना मागणी येते. अर्थात हा माल पंचांगाने विकला जातो. बुद्धपौर्णिमा, 14 एप्रिल, दिवाळी, 6 डिसेंबर, नाताळ, 1 जानेवारी या तिथी चुकल्या की पुढच्या तिथीपर्यंत माल कपाटात आणि त्यात गुंतलेला पैसाही कपाटात.

एकाच तिथीवर सारे वर्ष टांगणे मात्र धोक्याचे आहे, हे कोरेगाव भीमाने स्वतः पाहिले आहे. 1 जानेवारी 2018 रोजी तेथे हिंसाचार उसळला आणि रस्त्याकाठच्या दुकानांची व वाहनांची जाळपोळ झाली. 1 जानेवारी 2021 रोजी साथीमुळे अभिवादनाच्या गर्दीवर निर्बंध होते. लहान धंद्याला शांतता व शेजाऱ्यांचा परस्पर विश्वास हे भांडवलाइतकेच लागतात. ते नसतील त्या दिवशी सर्वांत आधी हातावर पोट असलेला बसतो.

मग या धंद्यावर कोणी उभे राहिले आहे काय? महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. ऐन तारुण्यात त्यांची दृष्टी गेली. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत ते मेणबत्त्या करण्यास शिकले आणि 1990 च्या दशकात महाबळेश्वरास भाड्याच्या हातगाडीवर त्या विकू लागले. रोजच्या विक्रीतून 25 रुपये ते दुसऱ्या दिवसाच्या कच्च्या मालासाठी बाजूला काढीत. पुढे त्यांच्या ‘सनराइज कँडल्स’ या उद्योगात शेकडो अंध व्यक्तींना काम मिळाले. त्यांच्या जिद्दीचे कौतुक सर्वजण करतात. परंतु धंदा शिकणाऱ्याने लक्षात ठेवावयाचे ते हे 25 रुपये. गल्ल्यात आलेला सारा पैसा आपला नव्हे, त्यातील काही भाग उद्याच्या मेणाचा आहे, ही जाण हातगाडीवर होती म्हणूनच पुढे कारखाना उभा राहिला.

आता साबण. येथे घाई चालत नाही. प्रत्येक तेलाला किती दाहक सोडा लागतो याचे प्रमाण ठरलेले आहे. उदाहरणार्थ, 600 ग्रॅम खोबरेल, 300 ग्रॅम शेंगदाण्याचे तेल व 100 ग्रॅम एरंडेल घेतले, तर त्या 1 किलो तेलास सुमारे 163 ग्रॅम सोडा लागतो. पाच टक्के कमी करून 155 ग्रॅम घालावा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहून साबण अंगाला सौम्य होतो. हे माप वाटीचमच्याने घेण्याचे नव्हे; ग्रॅम दाखविणारा काटा हवाच. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये. नाही तर ते एकदम उसळते. ॲल्युमिनियमचे भांडे वर्ज्य, कारण सोडा ते खातो व ज्वालाग्राही वायू सुटतो. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे आणि मुलेबाळे खोलीबाहेर, हे नियम एकदाही मोडू नयेत. अंगावर थेंब उडालाच तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावे. डोळ्यात गेला तर धूत धूतच डॉक्टरकडे न्यावे. साबण साच्यात घट्ट झाला, वड्या कापल्या, तरी तो चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर मुरू द्यावा लागतो. तेवढ्यात पाणी उडते आणि वडी टणक होते.

या चार-सहा आठवड्यांतच धंद्याची कसोटी आहे. मेणबत्ती आज ओतली तर उद्या विकता येते. साबणात घातलेला पैसा मात्र महिना-दीड महिना फळीवर पडून राहतो. परंतु एकदा गिऱ्हाईक जडले की ते दर महिन्याला परत येते. म्हणून शहाणे घर दोन्ही जिन्नस धरते. सणाची मेणबत्ती साबणाच्या तेलाचा पैसा आणते आणि साबण दोन सणांमधील मोकळे महिने भरून काढतो.

आता किंमत. सोयीचे आकडे धरून पाहता येईल. समजा, वरील घाण्यातून 12 वड्या निघाल्या. तेल, सोडा व सुवास मिळून 400 रुपये, वेष्टन 60, इंधन व किरकोळ 20, एकूण 480. वडी 50 रुपयांस विकली तर 600 रुपये येतात आणि 120 रुपये नफा झाला असे वाटते. पण दुकानदाराने शेकडा 20 कसर घेतली की ते 120 रुपये त्याच्याकडे जातात. शिवाय मोजणे, ढवळणे, कापणे, गुंडाळणे यांत गेलेले तीन तास? ताशी 60 रुपये धरले तरी 180 रुपये झाले. म्हणजे त्या गृहिणीने पदरचे तीन तास फुकट घालविले. आणि ते स्वयंपाक व मुलांचा अभ्यास यांमधून काढलेले असल्यामुळे घरात कोणाच्या ध्यानातही आले नाही! खरा हिशेब असा : 480 व 180 मिळून 660. बारांतील एक वडी मोडली वा नमुन्याला गेली असे धरून उरलेल्या 11 वड्यांवर, दुकानदाराची कसर वजा जाता, ही रक्कम सुटावयास वडीची किंमत 75 रुपये येते. यात नफा नाही. केवळ मजुरी सुटते.

कारखान्याचा साबण यापेक्षा स्वस्त मिळतो आणि मिळणारच. तेव्हा भावात स्पर्धा करण्याच्या भरीस पडू नये. घरगुती वडी विकली जाते ती तिच्यात काय घातले आहे हे नीट सांगता येते म्हणून, आणि ती करणारी बाई ओळखीची असते म्हणून. मात्र हा साबण खरूज-नायटा बरा करतो, असे कधीही सांगू नये. तसे म्हटले की तो साबण न राहता औषध ठरतो आणि कायदाही निराळा लागतो.

कायद्याची बाजू प्रशिक्षणवर्गांत बहुधा राहून जाते. 1940 च्या औषधे व प्रसाधने कायद्यात प्रसाधनाच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. 1982 च्या दुरुस्तीने ती सूट गेली. त्यामुळे अंगाला लावण्याचा साबण विक्रीसाठी करावयाचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि त्यासाठी स्वतंत्र स्वच्छ जागा व ठरावीक शिक्षण असलेली व्यक्ती देखरेखीस लागते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे बसत नाही. मेणबत्तीला व कपडे धुण्याच्या साबणाला ही अट नाही. वेष्टनावर करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष व कमाल किंमत छापणे मात्र सर्वांनाच आवश्यक आहे.

यावरून वाट आपोआप दिसते. एकट्या घराने आरंभ मेणबत्तीने व धुण्याच्या साबणाने करावा. अखाद्य तेलांपासून साबण करण्याची कल्पना नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने खेड्यातील मालाचे खेड्यातच रूपांतर करण्याचा जो विचार मांडला, त्याच विचारात ती बसते. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगानेही करंज, कडुनिंब, मोह यांच्या तेलांपासून साबण करण्यास उत्तेजन दिले. कामगारवस्तीत धुण्याच्या वडीला रोजचे गिऱ्हाईक आहे. हात बसला, वर्षभराची वही लिहून झाली, की दहा-बारा जणींनी मिळून एक खोली घ्यावी, परवाना काढावा आणि मग अंगाच्या साबणाकडे वळावे. डिसेंबरात पुण्यास बचत गटांच्या मालाची जी ‘भीमथडी जत्रा’ भरते, तिचे नावच मुळी भीमेच्या काठावरून आले आहे. तेथपर्यंत जाण्यास कोरेगावकर गृहिणीला फार दूरचा प्रवास नाही. मात्र तेथे मांडावयाचा साबण ऑक्टोबरातच साच्यात पडला पाहिजे.

मेण वितळविणे आणि तेल ढवळणे कोणासही साधेल. आपल्या तासाची किंमत वहीत लिहिणे मात्र घरातल्या बाईला जड जाते, कारण आजवर तो कोणी मोजलेलाच नसतो. वहीच्या पहिल्या पानावर मेण, तेल व वात यांच्या खाली ‘मजुरी’ हा शब्द आणि त्यापुढे एक आकडा पडला, की घरगुती उद्योग हा खरा उद्योग होतो. तोवर तो घरकामातच मोडतो, एवढेच की त्याला सुवास असतो.