खिडकीच्या बटणांना उजेड हवा, पण बेताचा

नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारा रस्ता आणि तेथून पुढे ब्रह्मपुरी व सिंदेवाहीकडे फुटणारे रस्ते रात्री कसे असतात, हे त्या वाटेने गेलेल्यांना सांगायला नको. गाव मागे पडले की पथदिवे संपतात आणि गाडीच्या झोतापलीकडे केवळ जंगल उरते. २०१८ मध्ये घोषित झालेले घोडाझरी अभयारण्य नागभीड तालुक्यातच आहे. चितळ, रानडुक्कर किंवा नीलगाय कोणत्या क्षणी रस्त्यावर येईल याचा नेम नसतो. अशा वेळी काचेवर बाष्प धरले म्हणून चालक दरवाजावरील बटणे चाचपू लागतो, स्वतःच्या काचेऐवजी मागची काच खाली जाते आणि चूक दुरुस्त करताना नजर रस्त्यावरून हटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर अंतर कापते. तेवढे अंतर ती जणू डोळे मिटून कापते.

अनेक छोट्या गाड्यांत पॉवर विंडोची बटणे अंधारीच असतात. काहींत केवळ चालकाचे बटण उजळते. ही उणीव एलईडी दिव्यांनी थोड्या खर्चात भरून काढता येते. मात्र उजेड किती आणि कोणत्या रंगाचा असावा, तसेच त्यासाठी वीज कोठून घ्यावी, या प्रश्नांची उत्तरे चुकली तर सोयीची अडचण होते.

रंग कोणता?

लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. निळ्या एलईडीसाठी मात्र जगाला आणखी सुमारे तीन दशके थांबावे लागले आणि त्या कामाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाजारात सजावटीसाठी निळ्याची चलती असली, तरी रात्रीच्या प्रवासात तो रंग टाळलेला बरा. अंधारात पाहण्याचे काम डोळ्यांतील दंडपेशी करतात. त्या निळ्या-हिरव्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील, तर गडद लाल प्रकाशाला जवळपास उदासीन असतात. डोळे अंधाराला पूर्णपणे सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. प्रखर निळ्या ठिपक्याने ही तयारी काही क्षणांत बिघडते. गाडीचे हेडलाइट चालू असताना डोळे पूर्ण सरावत नाहीत हे खरे. पण झोताच्या कडेला उभे असलेले जनावर दिसायचे तर जी काही तयारी झालेली असते, ती राखलीच पाहिजे. म्हणून लाल किंवा अंबर रंग निवडावा.

उजेड किती?

एलईडीला थेट बॅटरीवर जोडता येत नाही. त्याला ठरावीक दाबाच्या वर नेले की त्यातून वाहणारा प्रवाह झपाट्याने वाढतो आणि तो जळतो. प्रवाहाला आवर घालण्यासाठी मध्ये रेझिस्टर लागतो. बॅटरी १२ व्होल्टची म्हटली, तरी इंजिन चालू असताना सर्किटमध्ये सुमारे १४ व्होल्ट असतात. हिशेब त्यावरच करावा. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेले १२ व्होल्ट रेझिस्टरने पेलायचे. दुकानदार बहुधा २० मिलिअँपिअरच्या हिशेबाने सुमारे ६०० ओहमचा रेझिस्टर देतो. बटण ओळखण्यासाठी एवढा उजेड अनावश्यक असतो. त्याऐवजी ५.६ किलोओहमचा, पाव वॉटचा रेझिस्टर लावला की प्रवाह सुमारे २ मिलिअँपिअर राहतो. चार बटणांचे चार दिवे मिळूनही बॅटरीवर नगण्य भार पडतो. शिवाय सौम्य दिव्याचे प्रतिबिंब बाजूच्या काचेत पडून आरशातील दृश्य झाकोळत नाही.

वीज कोठून घ्यावी?

सर्वाधिक चुका येथे होतात. पॉवर विंडोच्या मोटारीची जाड तार हाताशी असते, म्हणून तिच्यावरच जोड देण्याचा मोह होतो. त्या तारेवरील फ्यूज बहुधा २० ते ३० अँपिअरचा असतो. फ्यूज दिव्यासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि तोही त्या जाड तारेच्या. एलईडीची बारीक तार दरवाजाच्या पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज वितळण्याआधी ती तारच तापून पेटू शकते. शिवाय मोटार थांबताना निर्माण होणारे विजेचे झटके एलईडीला मारक ठरतात.

योग्य जागा म्हणजे पार्किंग दिव्यांबरोबर डॅशबोर्डवरील बटणे उजळवणारी तार. मल्टिमीटरने तपासल्यास दिवे बंद असताना तिच्यावर शून्य आणि पार्किंग दिवे लावताच १२ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. जोडाच्या अगदी जवळ १ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घालावा आणि उलट दाबापासून रक्षणासाठी एक साधा डायोड लावावा. ज्या नव्या गाड्यांत दिव्यांचे नियंत्रण संगणकीय मॉड्यूलकडे असते, तेथे तार कापण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्रात विचारणा करावी. अन्यथा वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो. पिवळ्या आवरणाच्या तारा व कनेक्टर सामान्यतः एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. बटणावरील चिन्हे पारदर्शक असतील तरच आत बसवलेला दिवा दिसेल. ती नुसती रंगवलेली असतील तर बटणाशेजारी ३ मिलिमीटरचा एलईडी खाली तोंड करून बसवणे श्रेयस्कर. त्याच मॉडेलच्या महागड्या आवृत्तीतील प्रकाशित स्विच त्याच कनेक्टरवर बसत असेल, तर तो मार्ग सर्वांत सोपा. जोडांवर चिकटपट्टीऐवजी हीट श्रिंक नळी वापरावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या भागात उन्हात उभ्या गाडीतील चिकटपट्टीचा गोंद वितळतो, आणि पावसाळ्यात उघड्या काचेतून आलेले पाणी नेमके बटणांवर ओघळते.

चारही बटणे उजळवायची नसतील तर चालकाचे बटण आणि मागच्या काचांना कुलूप घालणारे बटण, या दोहोंना अग्रक्रम द्यावा. मागे मुले बसलेली असताना उजळलेले बटण त्यांना खुणावते आणि चढत्या काचेत बोटे किंवा मान अडकू शकते. ते कुलूप लागले आहे की नाही, हे चालकाला अंधारातही कळले पाहिजे.

काम झाल्यावर त्याची परीक्षा दिवसा गॅरेजमध्ये घेऊ नये. रात्री अंधाऱ्या, सुरक्षित जागी गाडी उभी करून दहा मिनिटे आत बसावे आणि मग दिवे लावावेत. समोर पाहत असताना बटणांचा उजेड जाणवू नये, खाली नजर टाकताच मात्र प्रत्येक बटण ओळखू यावे. तो डोळ्यांत खुपत असेल तर रेझिस्टर आणखी मोठा घ्यावा.