‘जागल’ : अर्थ आणि उपयोजन

रात्री जागे राहण्याची क्रिया दर्शविणारे जागरण, जागर आणि जागल हे तीन शब्द मराठीत रूढ आहेत. तिन्हींचे मूळ संस्कृत ‘जागृ’ या धातूत आहे. प्राकृत ‘जग्गइ’ या रूपातून मराठीत ‘जागणे’ हे क्रियापद आले. मूळ एकच असल्याने हे शब्द समानार्थी मानण्याकडे कल असतो. ग्रामीण व दलित साहित्याच्या अध्यापनात ‘जागल म्हणजे रात्रीचे जागरण’ एवढ्या स्पष्टीकरणावर पुष्कळदा भागविले जाते. त्यातून शब्दाचा स्थूल अर्थ कळतो. परंतु त्यामागील समाजव्यवहार निसटतो. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या वेगळेपणाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. जागरण ‘होते’ किंवा ‘घडते’. आजारपण, प्रवास, परीक्षा अशी त्याची कारणे असतात. त्यात कर्त्याची इच्छा असतेच असे नाही. खंडोबाचे जागरण मात्र ‘घालतात’. तेथे वाघ्या-मुरळींच्या सहभागाने ते विधी बनते. जागर ‘करतात’ किंवा ‘मांडतात’. नवरात्रातील देवीचा जागर, वारकऱ्यांचा हरिजागर, आश्विनी पौर्णिमेची कोजागरी ही त्याची परिचित उदाहरणे होत. गोव्यातील ‘जागोर’ हा रात्री सादर होणारा लोकनाट्यप्रकारही याच शब्दकुलातील आहे. जागरात जागणे सामूहिक, ऐच्छिक आणि पुण्यप्रद असते. जागल मात्र ‘करावी लागते’. माणूस ‘जागलीला जातो’. ‘काल जागरण झाले’ या वाक्यात झोप न झाल्याची तक्रार आहे. ‘काल जागल होती’ या वाक्यात नेमून दिलेले काम आहे. थोडक्यात, जागरणात अवस्था, जागरात व्रत आणि जागलीत श्रम प्रधान आहे.

रक्षणवाचक शब्दांच्या शेजारी ठेवल्यावर जागलीचा अर्थ अधिक रेखीव होतो. ‘पहारा’ हा शब्द प्रहराशी संबंधित असून त्यात पाळीची कल्पना आहे. फारसीतून आलेल्या ‘गस्त’मध्ये फिरणे मुख्य आहे. ‘राखण’ दिवसाही होते. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे उडविणारा राखण करतो. त्याच शेतात रात्री रानडुकरांसाठी जागणारा जागल करतो. राखणीला वेळेचे बंधन नाही, जागलीला आहे. दिवसाच्या कामाने थकलेल्या देहाने झोप बाजूला सारणे हे तिच्यात गृहीत आहे. एखाद्या कथेतील पात्र ‘जागलीला गेले’ असे वाचताना थंडी, अंधार, एकटेपणा आणि हाती आलेले पीक जाण्याची भीती या साऱ्यांची जाणीव वाचकाला व्हावयास हवी.

‘जागल’वरून ‘जागल्या’ हे कर्तृवाचक नाम बनले. वाटाड्या, सांगकाम्या या शब्दांतील ‘या’ प्रत्ययच येथे आहे. तो कामावरून माणसाला नाव देतो. पण त्या नावाला आदरार्थी वळण देत नाही. जागल्या हा गावगाड्यातील रात्रीचा रखवालदार. वऱ्हाडात हे गावकामगाराचे पद होते. देशावर असेच काम बहुधा रामोशी करीत, तर अनेक ठिकाणी महार-मांग यांच्याकडे ते असे. चोरी झाल्यास माग काढणे हे रखवालदाराचे कर्तव्य असे आणि माग न लागल्यास नुकसानीची जबाबदारीही त्याच्यावर येई. गाव ज्याच्या भरवशावर निर्धास्त झोपे, त्याची वस्ती मात्र बहुधा गावकुसाबाहेर असे. महार वतनात अंतर्भूत असलेल्या अशा सेवेतील पिळवणुकीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. हा इतिहास वगळून ‘जागल्या’चा अर्थ पुरा होत नाही.

‘जागणे’ या क्रियापदाचा आणखी एक उपयोग येथे उद्बोधक ठरतो. ‘शब्दाला जागणे’, ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ या प्रयोगांत जागे राहणे म्हणजे निष्ठा सांभाळणे. रात्रभर जागून दुसऱ्याचे धन सांभाळणाऱ्याच्या कामात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मात्र मिठाला जागण्याची अपेक्षा ज्याच्याकडून केली जाते, त्याला ते मीठ किती मिळाले, हा प्रश्न वाक्प्रचार विचारीत नाही. तो साहित्याच्या अभ्यासकाने विचारावा लागतो.

अलीकडच्या काळात ‘व्हिसल-ब्लोअर’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठी वृत्तपत्रांनी ‘जागल्या’ हा शब्द स्वीकारला. संस्थेतील गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला. त्यासंबंधीच्या लेखनातही हा शब्द वापरला गेला. शिट्टीच्या शब्दशः भाषांतरापेक्षा ही निवड निश्चितच चांगली आहे. तिच्यामुळे हीनत्वदर्शक ठरलेल्या शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. तथापि अर्थातील एक बदल ध्यानात घेणे आवश्यक आहे. जुना जागल्या धन्याच्या वतीने बाहेरच्या चोरावर नजर ठेवी. नवा जागल्या घरातील चोर दाखवितो आणि प्रसंगी धन्यालाच जाब विचारतो. जुन्याला जागणे नेमून दिलेले होते, नव्याने ते स्वतः पत्करलेले असते. धोका मात्र दोघांच्याही वाट्याला येतो.

म्हणून ‘जागल’ हा शब्द समोर आला असता कोण जागतो, कोणासाठी जागतो आणि त्या वेळी कोण झोपलेले आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे त्या कलाकृतीच्या संदर्भात शोधली, म्हणजे या शब्दाचा अर्थ खऱ्या अर्थाने हाती येतो.