जिंगल बेल्सवर देहूचा उतारा

‘जिंगल बेल्स’ या गाण्यात नाताळ कुठेही नाही. येशू नाही, मरिया नाही, गव्हाणी नाही, तारा नाही. बर्फावरून धावणारी एका घोड्याची घसरगाडी आहे, शेजारी बसलेली एक तरुणी आहे आणि गाडी बर्फाच्या ढिगात उलटल्याची थट्टा आहे. जेम्स पिअरपॉन्ट या अमेरिकन माणसाने १८५७ मध्ये ते वेगळ्याच नावाने छापले. त्या वर्षी ते गायले गेले तेही बॉस्टनमधल्या करमणुकीच्या रंगमंचावर, चर्चमध्ये नव्हे. पण चाल इतकी सोपी की पोराटोरांच्या तोंडी बसली आणि हळूहळू गाणे नाताळचे झाले. १६ डिसेंबर १९६५ रोजी ‘जेमिनी ६’ यानातून वॉल्टर शिरा आणि टॉम स्टॅफर्ड या अंतराळवीरांनी माउथ ऑर्गन आणि घुंगरांवर तेच वाजवले. अंतराळात वाद्यांवर वाजवलेले हे पहिले गाणे. जे तिथवर पोहोचले ते वाकडच्या मॉलमध्ये पोहोचणारच.

आणि पोहोचले आहेच. डिसेंबर लागला की चिंचवडपासून चाकणपर्यंत मॉल, केकची दुकाने, जिम आणि सोसायट्यांच्या लिफ्टमध्येसुद्धा तीच पाच-सहा गाणी फिरत राहतात. ‘जिंगल बेल्स’ झाले की बोनी एम यांचे १९७८ चे ‘मेरीज बॉय चाइल्ड’, मग ‘व्हॅम’चे १९८४ चे ‘लास्ट ख्रिसमस’, मग मरायाह कॅरीचे १९९४ चे ‘ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू’, आणि पुन्हा पहिल्यापासून. यातले बोनी एमचे मी आजही आवडीने ऐकतो. त्यात निदान बेथलेहेम आहे. ‘लास्ट ख्रिसमस’ हे मात्र सरळसरळ प्रेमभंगाचे गाणे. ते तोंडपाठ असलेली आपल्याकडची कॉलेजची मुले नाताळबाबाची टोपी घालून ते हसतहसत म्हणतात, याची मला दरवर्षी मौज वाटते.

गाणे वाईट नसतानाही नकोसे का होते, यावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले की नुसत्या ओळखीनेच एखादी गोष्ट आवडू लागते. त्यासाठी ती चांगलीच असावी लागते असे नाही. पुढे डॅनियल बर्लाइन यांनी त्याची दुसरी बाजू मांडली. आवड आधी वाढते, टोकाला जाते आणि मग उतरू लागते. रचना जितकी साधी तितका हा उतार लवकर येतो. चहाचेही असेच असते, पहिल्या कपाने तरतरी आणि चौथ्याने पित्त. गिऱ्हाईक मॉलमध्ये तासभर थांबते, त्याला पहिला कप मिळतो. काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला आठ-दहा तास, महिनाभर, तेच ऐकावे लागते. ऑस्ट्रियात तर दुकान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने नाताळच्या गाण्यांच्या या माऱ्याविरुद्ध तक्रार केली होती. आपल्याकडे पगार आणि सुट्ट्यांपुढे गाण्यांचा मुद्दा कोण काढणार!

पण चिंचवड-चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यात खरोखर गायल्या जाणाऱ्या नाताळच्या गाण्यांपैकी जवळजवळ एकही मॉलमध्ये ऐकू येत नाही. आणि ती गाणी इथे भरपूर आहेत.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. कामगार साऱ्या महाराष्ट्रातून आले, त्यात नगर जिल्ह्यातली मराठी ख्रिस्ती कुटुंबेही होती. नगरला (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासे या बाजूची माणसे पिंपरी-चिंचवडला आली तेव्हा सामानाच्या ट्रंकेत एक पुस्तक हमखास असे. ते म्हणजे ‘उपासना संगीत’, मराठी मंडळ्यांचे, म्हणजे चर्चमधल्या उपासक-समुदायांचे, गीतांचे पुस्तक. त्यात इंग्रजी गीतांची भाषांतरे आहेत, तशी अस्सल मराठी पदे, भजने आणि अभंगही आहेत. डिसेंबरमध्ये मंडळीतली तरुण मुले संध्याकाळी घरोघर गात फिरतात तेव्हा हेच पुस्तक बाहेर निघते. कुणाच्या गळ्यात ढोलकी, कुणाच्या हातात झांज. दारात दोन गीते, एक प्रार्थना, घरच्यांनी पुढे केलेली करंजी, की पुढचे घर.

या भजनांचा सगळ्यात मोठा कवी नारायण वामन टिळक. जन्म १८६१, दापोली तालुक्यातल्या करजगावचा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षे नगरला काढली. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून माहीत असतात आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे घर विसरून कवितेत हरवणारा नवरा म्हणून. ‘अभंगांजली’ लिहिणारे टिळक चर्चच्या भिंतींबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाहीत. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते सांगत. टिळक कवी होते, पण हे वाक्य अलंकार म्हणून घेऊ नये. त्यांच्या ख्रिस्ती भजनांची घडणच तुकोबांच्या अभंगाची आहे. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, आणि देवाशी थेट, लाडीगोडीने किंवा भांडून बोलणे.

आता नकाशा पाहा. देहू या पट्ट्याच्या एका टोकाला, आळंदी दुसऱ्या टोकाला, मधे प्राधिकरण, भोसरी, तळवडे. म्हणजे आकुर्डीतल्या एखाद्या मंडळीत नाताळच्या रात्री टिळकांचा अभंग भजनी ठेक्यावर सुरू होतो, तेव्हा ते गाणे आपल्या मूळ गावापासून फार तर दहा-बारा किलोमीटरवर असते. तुकोबांपासून नगरच्या मिशनपर्यंत जाऊन, तिथून कामगाराच्या ट्रंकेतून परत आलेले. अमेरिकेतल्या घसरगाडीपेक्षा या गाण्याचा इथल्या नाताळवर हक्क जास्त आहे, असे माझे मत.

टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये गाणे म्हणजे बहुतेक भाषांतर आणि चाल साहेबाची. अडचण भक्तीची नव्हती, छंदाची होती. इंग्रजी पद्य आघातावर चालते. कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा हे ठरलेले असते आणि चाल त्या जोरावर बांधलेली असते. मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर, मात्रांवर किंवा अक्षरांच्या संख्येवर उभे राहते. तिथली चाल इथल्या शब्दांवर चढवली की ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते आणि दीर्घ अक्षर आखडते. सोसायटीच्या नाताळ कार्यक्रमात कुणी उत्साहाने ‘जिंगल बेल्स’चे मराठी रूप गाते तेव्हा ऐकणाऱ्याला काहीतरी खटकते ते यामुळे. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ही गाठ टिळकांच्याही आधी सोडवायला घेतली. त्यांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. पूर्वरंग, उत्तररंग, मधे पदे, साथीला पेटी-तबला, असा सगळा थाट मराठी आणि कथा बेथलेहेमची. नगरकडच्या खेड्यांत ख्रिस्ती कीर्तन ऐकलेली माणसे अजून भेटतात. पिंपरीच्या नव्या पिढीने मात्र कीबोर्ड आणि ड्रमसेट घेतला आहे आणि पेटी कोपऱ्यात गेली आहे. मला हे नुकसान वाटते. मुलांना सांगितले तर ती म्हणतात, ‘काका, पेटीवर तरुण येत नाहीत.’ असेल.

मुळात मराठीतले ख्रिस्तजन्माचे गाणे टिळकांपेक्षाही तीनशे वर्षे जुने आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही, पण देवनागरीतले एक हस्तलिखित लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये सुरक्षित आहे. त्यातल्या दुसऱ्या पुराणात येशूचा जन्म येतो, ओवीच्या लयीत, ज्ञानेश्वरीच्या घरातल्या भाषेत. आळंदीच्या शेजारी राहणाऱ्या वाचकाला हा ग्रंथ परका वाटायचे कारण नाही. नाताळच्या दिवशी घरात मोठ्याने वाचून पाहा, चाल आपोआप लागते.

मराठीइतकेच या पट्ट्यातले इतर सूरही दुर्लक्षित आहेत. खडकी-देहूरोडच्या लष्करी कारखान्यांमुळे तमिळ आणि तेलुगू ख्रिस्ती कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केरळी तर इतके की सिरो-मलंकारा चर्चमध्ये खडकीला २०१९ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्यांच्या उपासनेत सीरियाक परंपरेच्या चाली अजून जिवंत आहेत. काळेवाडी किंवा देहूरोडला मल्याळी कॅरल फेरी पाहिली नसेल तर पाहावी. ड्रमचा दणका आपल्या ढोल-ताशा पथकाला लाजवेल असा असतो, आणि त्यातला नाताळबाबा अमेरिकेतल्यापेक्षा बराच जास्त नाचतो. चाकण-महाळुंगेच्या भाड्याच्या खोल्यांत आता झारखंड-ओडिशाची तरुण पोरे राहतात, त्यात मुंडा आणि उरांवही आहेत. त्यांच्याकडे नाताळला मांदर हा ढोल वाजतो. जर्मनीची गॉस्नर मिशन १८४५ मध्ये रांचीला आली, तेव्हापासून छोटा नागपुरात जर्मन स्तोत्रे आणि आदिवासी ताल शेजारी शेजारी नांदत आहेत. त्याच मुलखातला मुलगा आज चाकणला जर्मन गाडीच्या कारखान्यात नट आवळतो, हा योगायोग कुठल्या मानव संसाधन विभागाच्या लक्षात आला असेल असे वाटत नाही.

जर्मन स्तोत्रांचा विषय निघाला की ‘सायलेंट नाइट’ची गोष्ट सांगितलीच पाहिजे. वाजून वाजून घासल्या गेलेल्या गाण्यांत एवढ्या एकाला माझी माफी आहे. जोसेफ मोर या तरुण धर्मगुरूने कविता १८१६ मध्ये लिहिली होती. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात त्याने ती फ्रान्त्स झाव्हर ग्रूबर या शाळामास्तरला दिली, त्याने चाल लावली आणि त्याच रात्री दोघांनी ती गिटारवर गायली. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला होता वगैरे कथा नंतरच्या भाविकांनी जोडलेल्या आहेत. झिलरटाल खोऱ्यातल्या गात हिंडणाऱ्या कुटुंबांनी गाणे युरोपभर नेले. १९१४ च्या नाताळात युद्धाच्या खंदकांतून दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी नाताळची गीते गायली, त्यात हेही होते.

हे गाणे आपल्याकडे सहज रुजले याचे कारण संगीतातच आहे. त्याची लय सहा मात्रांची, झोका देणारी. आपल्या तबलजीला काही सांगावे लागत नाही, हात आपोआप दादऱ्यावर जातो. आणि भाव आहे पाळण्याचा. रामनवमीला, गोकुळाष्टमीला, शिवजयंतीला पाळणा म्हणणाऱ्या मराठी माणसाला बाळाच्या जन्माचे गाणे कसे असते हे शिकवावे लागत नाही. मराठी मंडळ्यांत ख्रिस्तजन्माचेही पाळणे म्हणतात. मात्र मॉलमध्ये ‘सायलेंट नाइट’ वाजते ते व्हायोलिनच्या फौजेसह. एक गिटार आणि दोन आवाज असलेले ध्वनिमुद्रण शोधून ऐका, गाणे वेगळेच निघते. ज्यांना भरघोस वाद्यवृंद हवाच आहे त्यांनी बाखचे १७३४ चे ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’ लावावे. सुरुवातच नगाऱ्यांनी होते, मग कर्णे येतात. इतक्या थाटात सुरू होणारे नाताळचे दुसरे संगीत मला माहीत नाही.

आता घंटांविषयी. ज्यांना ‘बेल्स’ हव्याच आहेत त्यांच्यासाठी पुण्यात खऱ्या आहेत. गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडमध्ये ओतलेल्या आठ घंटा टांगलेल्या आहेत आणि त्या दोरांनी ओढून, क्रम बदलत वाजवायच्या असतात. लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानडे १८९० मध्ये ज्या मिशनच्या चहामुळे ग्रामण्यात, म्हणजे जातीबहिष्काराच्या वादात, सापडले, तेच हे पंचहौद. पिंपरीहून लोकलने शिवाजीनगर आणि तिथून रिक्षा.

गाणी बदलायला मॉलवाल्यांना किती खर्च येईल? व्यावसायिक जागेत ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर परवाना लागतो, हे खरे. पण भारतीय कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्दांवरचा हक्क संपतो. टिळक गेले १९१९ मध्ये. त्यांची भजने कुणीही, कुठेही, कुणालाही एक पैसा न देता गाऊ शकतो, नव्याने ध्वनिमुद्रित करू शकतो. ‘उपासना संगीत’ची प्रत ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात मिळते.

सोसायट्यांच्या सांस्कृतिक समित्यांना एवढेच सांगणे आहे की २४ तारखेच्या कार्यक्रमाला डीजे सांगण्याआधी जवळच्या मराठी मंडळीच्या पाळकांना एक फोन करा. गाणारी पाच-सहा माणसे आनंदाने येतील. पेटी-तबला त्यांचाच असतो, तुम्ही दोन माइक आणि बसायला एक सतरंजी द्या.