पाणाड्याचा नारळ आणि विहिरीचे पाणी

मंडळी, शेतात विहीर पाडायची किंवा बोअर घ्यायची ठरली, की घरात पहिला प्रश्न निघतो तो जागेचा. पैसे कोठून आणायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी पुष्कळ गावांत पाणाड्याला बोलावतात. कोणी तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालतो, कोणी झाडाची बेचकी दोन्ही हातांत धरतो. कोठे पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी कळते असे मानतात. हल्ली तांब्याच्या तारा घेऊन 'चुंबकीय लहरी' सांगणारेही भेटतात. नारळ उभा राहिला, बेचकी वळली, की तेथे खूण करायची आणि कर्ज काढून मशीन बोलवायचे. यात खरे किती, ते आज आपण शांतपणे पाहू.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. पुष्कळ पाणाडे लबाड नसतात. नारळ खरोखरच हलतो, आणि आपण तो हलवला नाही असे त्यांना मनापासून वाटते. मग तो हलवतो कोण?

याचे उत्तर इंग्लंडमधील शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५३ साली एका दुसऱ्याच प्रकरणात शोधले. त्या वेळी तेथे टेबल फिरविण्याचे वेड पसरले होते. माणसे टेबलावर हात टेकवून बसत आणि टेबल आपोआप फिरू लागे. कोणी म्हणे ही वीज, कोणी म्हणे आत्मे. फॅरडेंनी काय केले? हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे तुकडे मऊ चिकट पदार्थाने एकावर एक लावले. टेबल हाताला ओढत असेल, तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल. हात टेबलाला ढकलत असेल, तर वरचा. पाहिले तर वरचा पुठ्ठा पुढे गेलेला! पुढे त्यांनी हाताचा रेटा दाखविणारा एक काटा बसविला. तो काटा बसलेल्यांना दिसू लागताच टेबल फिरायचे थांबले. मन ज्याची वाट पाहते, तिकडे हाताचे स्नायू नकळत झुकतात. आडवा नारळ किंवा ताणून धरलेली बेचकी मुळातच अस्थिर. हात किंचित कलला, की ती फिरलीच.

आता आपण म्हणाल, "ते असेल हो, पण आमच्या गावात पाणाड्याच्या जागेवर पाणी लागले त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकाच्या वरच्या, झिजलेल्या मुरमाड थरात आणि खालच्या भेगासांध्यांत पाणी साठते. ओढ्याकाठी, सखल भागात हा थर जाड असला, तर अनेक जागी खणले तरी थोडेबहुत पाणी लागतेच. शिवाय मुरलेला पाणाडी चढउतार पाहतो, झाडे पाहतो, शेजारच्या विहिरी पाहतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त झाडे आणि वारुळे यांवरून पाणी ओळखण्याच्या खुणा सांगितल्या आहेत. त्या सगळ्या खऱ्या ठरतील असे नव्हे, पण अशी खूण तपासून पाहता येते. म्हणजे यश आले तर ते डोळ्यांचे. नाव मात्र नारळाचे होते.

आणि दुसरे असे, की पाणी लागलेल्या विहिरीची गोष्ट दहा गावांत जाते. कोरडी गेलेली बोअर मुकी असते. मालक म्हणतो, "आपलेच नशीब." पाणाडी म्हणतो, "आणखी थोडे खोल जायला हवे होते." फसलेल्यांचा हिशेब कोणी ठेवतच नाही.

असा हिशेब जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ साली ठेवला गेला. सुमारे ५०० पाणाड्यांतून ४३ जण निवडले. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ दर वेळी जागा बदलून ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरून त्यांनी ती जागा सांगायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. बहुतेकांचे उत्तर अंदाजपंचेच ठरले. थोड्या जणांना विद्या येते असे प्रयोग करणाऱ्यांचे मत पडले. पण अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स एनराइट यांनी आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ते उत्तम ठरलेलेही, नेहमी रेषेचा मध्य सांगणाऱ्यापेक्षा फारसे सरस नव्हते.

तरी पाणाड्याचा मोह सुटत नाही, याचे कारण उघड आहे. तो ओळखीचा असतो, अर्ध्या तासात "येथे खणा" असे ठाम सांगतो. भूवैज्ञानिक खडक पाहतो, जमिनीत वीज सोडून ती खालच्या थरांतून किती सहज जाते ते मोजतो, आणि शेवटी म्हणतो, "शक्यता चांगली आहे." कर्ज काढणाऱ्याला 'शक्यता' हा शब्द थंड वाटतो. पण आपल्या अंदाजाची मर्यादा सांगणारा माणूस अधिक विश्वासाचा, हे ध्यानात ठेवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, यासाठी शाळेत एक प्रयोग करता येईल. पाच सारख्या बादल्या घ्या. एकीत पाणी भरा, बाकीच्यांत तेवढ्याच वजनाची वाळू. सगळ्या झाका. भरणाऱ्या मुलाने निघून जावे, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून कळायला नको. मग पाणाड्याला आदराने बोलवा, अटी त्याला आधी मान्य करू द्या. दर वेळी जागा बदलून असे २० वेळा करा. नुसत्या अंदाजाने ४ च्या आसपास उत्तरे बरोबर येतील. चूक आणि बरोबर, दोन्ही फळ्यावर लिहा. कोणाची थट्टा मात्र होऊ देऊ नका.

आणि शेतकरी बंधूंनो, खर्च करण्यापूर्वी राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा. गावातल्या विहिरी आणि बोअर मोजा. ओल्या किती, कोरड्या किती, खोली किती, हे वहीत लिहा. त्या वहीत कोरड्यांची नोंद आधी करा. गावाच्या कामी तीच अधिक येईल.