‘सर्व्हर डाउन’ झाल्यावर फोन कुणाला जातो?

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतोय? तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते आणि शाळा मोबाइलमध्ये होती. सकाळी दहाच्या सुमारास वर्ग चालू असतानाच लाइट गेली, वायफाय गेलं आणि सर स्क्रीनवर थिजले. काहींना आनंदही झाला असेल! पण नंतर कळलं, की फक्त आपल्याच बिल्डिंगची गेलेली नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडे तेच. लोकल जागच्या जागी उभ्या. कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वीजवाहिन्यांमध्ये बिघाड झाला होता. पडघा म्हणजे कुठलं लांबचं गाव नाही. आंबिवलीहून कसारा लोकल पकडून दोन स्टेशनं पुढे खडवलीला उतरलात, की तिथून रस्ता जातो ते.

पण त्याच सकाळी, त्याच मुंबईत, शेअर बाजाराचे व्यवहार मात्र नेहमीसारखे चालू होते. असं कसं?

कारण मोठे व्यवहार ज्या कॉम्प्युटरवर चालतात, ते लाइट जाणारच असं धरून बसवलेले असतात. वीज गेली की त्या क्षणी यूपीएसच्या बॅटऱ्या भार उचलतात. बॅटरी तासन् तास चालवायची नसतेच, डिझेल जनरेटर सुरू होईपर्यंतची काही मिनिटं काढायची असतात. इंटरनेटच्या लाइनी दोन, त्याही वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेल्या. आणि अख्खी इमारतच बंद पडली, तर दुसऱ्या शहरात सगळ्या डेटाची प्रत तयार. या सगळ्या पसाऱ्याला मिळून ‘आयटी इन्फ्रास्ट्रक्चर’ म्हणतात. नाव जड आहे, पण प्रश्न साधा आहे : बंद पडलं, तर किती वेळात पुन्हा उभं राहणार? आणि उभं कोण करणार?

बँकेत, रेशनच्या दुकानात, कॉलेजच्या फीच्या खिडकीवर ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आज त्या वाक्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊ या. करिअरचा विचार करत असाल, तर जायलाच हवं.

क्लाऊड ट्रान्स-हार्बरवर

‘सगळं क्लाऊडवर आहे’ असं आपण म्हणतो. क्लाऊड बघायचा असेल, तर ठाण्याला उतरा आणि ट्रान्स-हार्बरची वाशी किंवा पनवेल लोकल पकडा. ऐरोली, रबाळे, घणसोली... एमआयडीसीच्या या पट्ट्यात, जिथे एके काळी केमिकल आणि इंजिनीअरिंगचे कारखाने होते, तिथे आता खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात. ती डेटा सेंटर्स. रबाळ्यात सिफी, महापेत एनटीटी, पुढे पनवेलला हिरानंदानी समूहाचं ‘योट्टा’, जे २०२० मध्ये सुरू झालं. ॲमेझॉनने आपल्या क्लाऊडचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू केला, गूगलने २०१७ मध्ये.

मुंबईच का? एक तर समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात. दुसरं, बँका आणि शेअर बाजार इथेच. आणि तिसरं, १२ ऑक्टोबर विसरा, पण एरवी इथली वीज देशातल्या बऱ्याच शहरांपेक्षा भरवशाची.

आता हा पट्टा आपल्याकडे सरकतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकार आणि लोढा डेव्हलपर्स यांच्यात डोंबिवलीजवळच्या पलावामध्ये ग्रीन डेटा सेंटर पार्क उभारण्यासाठी ३०,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. म्हणजे उद्या तुमच्या इन्स्टाच्या रील्स कल्याण-शीळ रोडवरून येऊ शकतात, ट्रॅफिकमध्ये न अडकता!

रॅम महागली, सॉफ्टवेअर भाड्याने

गेल्या काही महिन्यांत कुणी पीसी असेम्बल करायला गेलं असेल, तर रॅमचा भाव ऐकून परत आलं असेल. हा दुकानदाराचा डाव नाही. एआयची मॉडेल्स चालवणाऱ्या सर्व्हरना प्रचंड मेमरी लागते. मेमरी बनवणाऱ्या जगात मोजक्याच मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांनी आपले कारखाने तिकडे वळवलेत. ‘मायक्रॉन’ने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एआयच्या सर्व्हरची उष्णताही इतकी, की नुसता एसी पुरत नाही. पाइपमधून थंड द्रव थेट चिपपर्यंत नेऊन ती थंड ठेवायची पद्धत आता रुळतेय.

सॉफ्टवेअरमध्येही तेवढाच मोठा बदल झालाय. पूर्वी ते एकदा विकत घेतलं की आपलं. आता दर महिन्याला किंवा दर वर्षाला भाडं. ‘व्हीएमवेअर’चं उदाहरण घ्या. एकाच सर्व्हरमध्ये दहा-वीस सर्व्हर असल्यासारखं काम करून घेणारं हे सॉफ्टवेअर जगभरच्या ऑफिसांत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ही कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं. आता वर्गणी भरायची, नाहीतर दुसरा पर्याय शोधायचा. म्हणूनच ‘प्रॉक्समॉक्स’सारख्या ओपन सोर्स पर्यायांचं नाव आता जास्त ऐकू येतं.

आणि विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट चालणारे कितीतरी जुने कॉम्प्युटर एका तारखेनंतर ‘असुरक्षित’ ठरले. मोठी कंपनी मशिन बदलते किंवा पैसे भरून वाढीव सपोर्ट घेते. पण एका खोलीत चालणाऱ्या सीएच्या ऑफिसने काय करायचं? नवं मशिन घ्यावं तर रॅम महागलेली!

माणूस लागतोच

‘एआय आलं, क्लाऊड आला, आता आयटीत माणसं कशाला?’ असं वाटत असेल, तर तीन प्रसंग बघा.

पहिला पुण्यातला. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. एटीएममधून पैसे काढताना ‘देऊ का?’ असा प्रश्न बँकेच्या यंत्रणेकडे जातो. चोरांनी मध्येच एक बनावट यंत्रणा घुसवली, आणि ती प्रत्येक प्रश्नाला ‘दे’ म्हणत राहिली. दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे परदेशातल्या एटीएममधून. बँक १९०६ सालची, विश्वास शंभर वर्षांचा, आणि दार उघडं राहिलं ते सर्व्हरचं.

दुसरा प्रसंग १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर गेलं आणि विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अपडेट एका बटणावर पोचलं होतं, पण बिघडलेल्या मशिनपैकी कितीतरी अशी होती, की कुणीतरी जवळ जाऊन, सेफ मोडमध्ये चालू करून, ती फाइल हाताने उडवावी लागली.

तिसरा त्याच महिन्यातला. ३१ जुलैला सी-एज या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर घुसल्यावर एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, यूपीआय आणि एटीएम व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. पण ३०० बँका एकाच खुंटीला टांगलेल्या होत्या, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

मग आंबिवलीत नोकरी आहे?

इथे जरा स्पष्ट बोलू. आंबिवली-मोहने म्हटलं की आपल्या घरातल्या मोठ्यांना एनआरसी आठवते. रेयॉनचा तो कारखाना २००९ मध्ये बंद झाला आणि हजारो कामगारांची घरं हलली. त्यामुळे ‘जवळच मोठा प्रकल्प येतोय’ हे ऐकलं, की आपल्याकडे लगेच नोकऱ्यांचा हिशेब सुरू होतो. डेटा सेंटरबाबत तो हिशेब सांभाळून करा. इमारत बांधताना भरपूर हात लागतात. एकदा चालू झाली, की तेवढ्याच जागेतल्या कारखान्याच्या तुलनेत माणसं फार कमी. आणि त्यांतही सगळे कोडिंगवाले नसतात. इलेक्ट्रिशियन, कूलिंगचा तंत्रज्ञ, जनरेटर सांभाळणारा, केबल टाकणारा, रात्रपाळीत स्क्रीनवर नजर ठेवणारा, असे लोक लागतात. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेल्या मित्राला ‘तुझं आयटीत काय काम?’ असं विचारू नका. त्याचं काम आहे.

पण जास्त काम आहे ते बाहेर. भिवंडीची गोदामं, डोंबिवली एमआयडीसीतले कारखाने, उल्हासनगरचे व्यापारी, कल्याणचे दवाखाने, आपल्या आंबिवलीतली पतपेढी. यांतल्या कितीतरी ठिकाणी ‘आयटी इन्फ्रास्ट्रक्चर’ म्हणजे टॅली असलेला एक कॉम्प्युटर, एक राउटर, एक यूपीएस आणि टेबलाच्या खणातला पेनड्राइव्ह. काही झालं की एएमसीवाल्याला फोन.

कायदा मात्र पुढे गेलाय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचाय. एप्रिल २०२२ च्या ‘सर्ट-इन’च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आणि यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपायचे. हे सगळं कळणारा आणि मराठीत समजावून सांगणारा माणूस या छोट्या मालकांना हवाय. कॉमर्सवाल्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. टॅली चालवणारे खूप आहेत. टॅलीचा डेटा उडाल्यावर तो परत आणणारे कमी.

सुरुवात कुठून?

महागड्या क्लासने सुरुवात करायची गरज नाही. घरात विंडोज १० चा जुना लॅपटॉप पडला असेल, तर आधी त्यातला डेटा दुसरीकडे काढून ठेवा आणि मग त्यावर लिनक्स टाका, हाच पहिला धडा. व्हर्च्युअलबॉक्स किंवा प्रॉक्समॉक्स फुकट मिळतं, त्यात दोन-तीन आभासी सर्व्हर उभे करा आणि एकमेकांना जोडा. नेटवर्किंगचा पाया सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या मोफत कोर्समध्ये होतो, क्लाऊडचा मायक्रोसॉफ्ट लर्न आणि एडब्ल्यूएस स्किल बिल्डरवर. सर्टिफिकेट परीक्षेचे पैसे भरायचे ते हे सगळं हाताखालून गेल्यावर.

आणि एक नियम पाठ करा : तीन-दोन-एक. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तळमजल्यावरच्या दुकानातला कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातला पेनड्राइव्ह पुराच्या पाण्यात एकदमच जातात. २६ जुलै २००५ बघितलेल्या कल्याणकरांना हे वेगळं सांगायला नको.

परीक्षा बॅकअप घेताना होत नाही, तो परत आणताना होते. म्हणून या रविवारी एक करून बघा. बाबांच्या, काकांच्या किंवा ओळखीच्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर बसा, शेवटचा बॅकअप मागा आणि तो दुसऱ्या मशिनवर उघडतोय का ते तपासा. किती वेळ लागला, ते वहीत लिहा. उघडलाच नाही, तर तुमचं पहिलं काम तुम्हाला सापडलं.