कापूर, चीड आणि आपण

आरतीच्या तबकात पेटणारा कापूर कापराच्या झाडापासून येतो, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. एके काळी ती खरीही होती. आज मात्र बाजारातील कापराचा फार मोठा भाग पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या तेलापासून कारखान्यात तयार होतो. यात पावित्र्याला बाध येण्याजोगे काही आहे असे आम्हांला वाटत नाही. परंतु या प्रक्रियेला लागणारे टर्पेंटाईन किंवा त्यातील अल्फा-पायनीन आपल्याला मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावे लागते, ही गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. हिमालयाच्या उतारांवर चिडाची विस्तीर्ण अरण्ये उभी असताना असे का व्हावे?

याचे उत्तर तेलाच्या घटनेत आहे. आपल्या किनाऱ्यावरील सुरू दिसायला पाइनसारखा असला तरी तो सूचिपर्णी नव्हे. त्याला हा चीक नाही. चिडाच्या खोडाला छेद दिला म्हणजे चीक पाझरतो. त्याचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाईन वर जाते आणि राळ खाली उरते. टर्पेंटाईन हे एक द्रव्य नसून अनेकांचे मिश्रण आहे. अल्फा-पायनीन, बीटा-पायनीन आणि ३-कॅरीन या तिन्हींच्या रेणूत १० कार्बन व १६ हायड्रोजनचे अणू असतात. भेद आहे तो केवळ रचनेचा. पण तेवढ्या भेदाने त्यांचे गुण आणि बाजारातील मोल पालटते. कापरासाठी पायनीन हवे. आपल्या चिडाच्या तेलात ३-कॅरीनचा वाटा मोठा. म्हणूनच हे तेल दीर्घकाळ कमी प्रतीचे गणले गेले.

हा कमीपणा तेलाचा की आपल्या दृष्टीचा? १९२० साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत जॉन सायमन्सन यांनी याच तेलातून १५ कार्बनांचे एक द्रव्य वेगळे केले. चिडाच्या तत्कालीन शास्त्रीय नावावरून त्याला लाँगिफोलीन म्हणतात. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव यांनी त्याच्या रसायनशास्त्रात मोलाची भर घातली. लाँगिफोलीनपासून अत्तरांच्या उद्योगाला उपयुक्त सुगंधी द्रव्ये होतात. ३-कॅरीनपासून कीटकनाशकांचे घटक तयार करण्याच्या वाटाही याच प्रयोगशाळेने शोधल्या. जे पायनीनच्या मापाने उणे ठरले, ते स्वतःच्या मापाने समृद्ध आहे.

मात्र या समृद्धीची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. १९२१ साली कुमाऊँची जनता परकीय सरकारच्या वनकायद्यांविरुद्ध उठली, तेव्हा चिडाची अरण्ये पेटली. ज्या रानात गवत आणि सरपण मिळायचे, त्या रानाचा चीक सरकारचा झाला होता. परकीय राज्य गेले, पण जखमा थांबल्या नाहीत. १९७७ साली टिहरी गढवालातील हेंवल खोऱ्यात चिपको आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी चिडाच्या खोडांत ठोकलेले लोखंडी पत्रे उपटले आणि जखमांवर मातीचे लेप दिले. खोल खाचांनी झाड पोकळ होते, वादळात मोडते, आणि चिकाने माखलेली खाच वणव्यात प्रथम पेटते, हे त्यांना कोणत्याही अहवालाविना ठाऊक होते.

आज उथळ रेघा ओढून किंवा लहान छिद्र पाडून बंद भांड्यात चीक गोळा करण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. छिद्राच्या पद्धतीत चीक स्वच्छ राहतो आणि बाष्पनशील घटक हवेत कमी उडतात. म्हणजे झाडाचे हित आणि तेलाची प्रत परस्परविरोधी नाहीत. त्या पद्धती सक्तीच्या कराव्यात, घटक वेगळे करणारे कारखाने डोंगराच्या पायथ्याशी उभारावेत, आणि नफ्याचा न्याय्य वाटा जंगलालगतच्या गावांना मिळावा, अशी आमची मागणी आहे. हिमालय आपल्या किनाऱ्यापासून दूर असला, तरी कापराच्या आणि अत्तराच्या ग्राहकांत आपणही आहोत. तेव्हा या मागणीचे ओझे एकट्या पहाडी माणसांवर टाकून आपल्याला अलिप्त राहता येणार नाही.