फोड येण्याआधीचे तास

ग्वाल्हेरला झाशी रोडवर संरक्षण खात्याची एक प्रयोगशाळा आहे. सगळे तिला डीआरडीई म्हणतात. १९४७ साली ती जिवाजीराव शिंद्यांच्या नावाने, औद्योगिक संशोधनासाठी सुरू झाली; १९७३मध्ये तिला आजचं नाव मिळालं. रासायनिक अस्त्रांपासून माणसाला वाचवायचं कसं, हा तिथला मोठा विषय आहे आणि त्यात सर्वांत चिवट शत्रू मस्टर्ड.

मस्टर्डला गॅस म्हणायची पद्धत असली तरी ते तेलकट द्रव आहे. जुलै १९१७मध्ये ईप्रच्या आघाडीवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. थेंब अंगावर पडला तर दुखत नाही, आणि घात होतो तो त्यामुळेच. काही मिनिटांत ते कातडीत मुरतं, पेशींतल्या डीएनएला जखडतं. वर काहीच दिसत नाही. दोन ते चोवीस तासांनी लाली येते, खाज सुटते, मग पिवळसर पाण्याने टच्च भरलेले फोड उठतात. त्या पाण्यात विष उरलेलंही नसतं. जखमी दवाखान्यात पोचतो तेव्हा फक्त जखमेवर उपचार होतात. लुइसाइट या तशाच दाहक रसायनावर दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांच्या गटाने उतारा शोधला. मस्टर्डवर आजही उतारा नाही.

म्हणून ग्वाल्हेरचा भर फोड येण्याआधीच्या वेळेवर. सैनिकाच्या किटमध्ये चक्क मुलतानी माती असते. पहिल्या एक-दोन मिनिटांत ती थेंबावर दाबायची, विष शोषू द्यायचं, पुसून टाकायची. दुसरी वाट डीआरडीई-०७ या रेणूची. किरणोत्सर्गापासून पेशींना जपणाऱ्या अमिफॉस्टिन या औषधाच्या घडणीवरून तो इथे तयार झाला. मस्टर्ड लावण्याआधी तोंडावाटे दिला तेव्हा छोट्या उंदरांना (माइस) त्याने चांगलं वाचवलं, मोठ्या उंदरांना (रॅट) मात्र बरंच कमी. प्राण्याच्या जातीगणिक एवढा फरक पडत असेल, तर माणसाबद्दल घाईने बोलता येत नाही, आणि अशी घाई न करणं मला फार मोलाचं वाटतं. कारण याच उपखंडात उलटं घडलेलं आहे: १९३०च्या दशकात रावळपिंडीत ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हिंदी सैनिकांवर मस्टर्डची चाचणी केली. ते भाजले, काहींना इस्पितळात ठेवावं लागलं. त्यांच्या कातडीवरचे ते डाग हा शास्त्राच्या नावावरचा कलंक आहे.

भारताने १९९७मध्ये आपल्याकडे १,०४४ टन मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं आणि २००९पर्यंत तो साठा नष्ट केला. विषय तेवढ्याने मिटत नाही, कारण मस्टर्डची इजा, विशेषतः डोळ्यांची, वर्षानुवर्षं मागे लागते.

मस्टर्ड डोळ्यात गेलं तर मुलतानी मातीही चालत नाही. तिथे फक्त पाणी, भरपूर आणि ताबडतोब. डोळ्याचं पुढे काय होतं ते इराणच्या डॉक्टरांनी जगाला दाखवलं. इराण-इराक युद्धात, २८ जून १९८७ रोजी, इराणच्या सरदश्त शहरावर इराकी विमानांनी मस्टर्डचे बॉम्ब टाकले. त्या युद्धातल्या अशा जखमींपैकी काहींचे डोळे त्या वेळी बरे झाले, आणि दहा-वीस वर्षांनी पुन्हा लाल होऊ लागले, उजेड सोसेना, बुबुळावर पांढरट धूसरपणा चढला. बुबुळाच्या कडेला, काळं-पांढरं मिळतं तिथे, पारदर्शक पडदा सतत नवा करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्याच मरून गेलेल्या असतात. नुसतं नेत्ररोपण केलं तर तेही टिकत नाही. तेहरानच्या शल्यविशारदांना आधी सख्ख्या नातेवाइकाच्या डोळ्यातून त्या कडेची छोटी पट्टी काढून कलम करावं लागतं, आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून औषधं पुढे चालूच ठेवावी लागतात.